टीव्ही घेताय? आधी भिंत मोजा!

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. मागच्या आळीतल्या मावशी विरारच्या बाजारात मासळी विकून नुकत्याच परतल्या होत्या. टोपली अंगणातच ठेवली, ओटीवर टेकल्या आणि कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला एक रंगीत कागद काढून माझ्या हातात दिला. टीव्हीच्या दुकानाची जाहिरात होती. इंच, टक्के, हप्ते, भेटवस्तू अशी नुसती गर्दी!

"बाई, जरा वाचून सांगा. यातला आमच्यासाठी कुठला?"

मावशींचं बजेट ठरलेलं होतं. तीस हजार. बचत गटात टाकलेले, बाजारातून रोज बाजूला काढलेले, स्वतःचे. मुलगा म्हणत होता पासष्ट इंची घेऊ. नवरा दर्यावर. आणि मावशींच्या मनात एकच होतं, की मोठा पाहिजे, कारण सासूबाईंना आताशा दिसत नाही. "जाहिरात म्हणते स्वस्त झालेत. खरं का हो?"

खरं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराशिवाय पंचवीस हजारांचा जो टीव्ही आधी बत्तीस हजारांना पडत होता, तो साडेएकोणतीस हजारांना पडायला हवा. म्हणजे अडीच हजार रुपये वाचले. बत्तीस इंचांपर्यंतच्या टीव्हीवर मात्र २०१९ च्या जानेवारीपासून १८ टक्केच कर होता. तेव्हा लहान टीव्हीवर कोणी "कर कमी झाला म्हणून स्वस्त" असं म्हणत असेल, तर त्याला गोड हसून पुढच्या दुकानात जावं.

पण मैत्रिणींनो, 'मोठा' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. कारण एकदा मोठा टीव्ही घेऊन मी चांगली पोळले आहे.

साल २००६. आमच्याकडे तोपर्यंत एकवीस इंची रंगीत टीव्ही होता, शोकेसच्या कप्प्यात बरोब्बर बसणारा. त्या वर्षी घरात थोडे पैसे आले आणि यजमानांच्या डोक्यात मोठ्या पडद्याने घर केलं. प्लाझ्मा टीव्ही नुकते दिसू लागले होते, पण त्यांच्या किमती लाखाच्या घरात. मग कोणीतरी सांगितलं, की रिअर प्रोजेक्शन नावाचा एक प्रकार असतो. पडदा त्रेचाळीस इंचांचा, आणि वापरलेला घेतला तर किंमत आपल्या आवाक्यातली. मुंबईतल्या एका दुकानात तसा एक होता. आम्ही दोघं जाऊन बघून आलो. दुकानाच्या मागच्या खोलीत, काळोखात, समोर खुर्ची मांडून त्यांनी आम्हाला इंग्रजी सिनेमा दाखवला. अहाहा! थिएटरच जणू. मीही मान डोलावली, खोटं कशाला सांगू?

ही चीज काय होती, ते आताच्या मुलींना ठाऊक नसणार. कपाटाएवढं खोकं. त्याच्या पोटात खालच्या बाजूला तीन छोट्या पिक्चर ट्यूब. एक लाल, एक हिरवी, एक निळी. तिन्हींचं चित्र भिंगांतून आतल्या मोठ्या आरशावर पडायचं आणि आरशावरून पडद्याच्या मागच्या बाजूवर. आपण पुढून बघायचं. थिएटरात प्रोजेक्टर आपल्या पाठीमागे असतो, इथे तो पडद्याच्या मागे, म्हणून रिअर. कल्पना हुशारीची होती. काचेची एकच मोठी ट्यूब करायला गेलं तर ती भयंकर जड आणि महाग होते, म्हणून तीन छोट्यांकडून मोठं चित्र काढून घ्यायचं. पुढे याचेच सुधारलेले प्रकार निघाले. त्यात ट्यूबऐवजी एक प्रखर दिवा आणि सूक्ष्म आरशांची चिप असायची, आणि काही हजार तास झाले की तो दिवा बदलायचा. तो दिवा काही कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा बल्ब नव्हे!

टेम्पो आगाशीमार्गे अर्नाळ्यात पोचला तेव्हा अर्धी आळी बघायला जमली. खोकं उतरवायला चार माणसं लागली. दारातून जाईना. ग्रिल काढलं, मग गेलं. शोकेसमध्ये बसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण खोलीही दोन फुटांच्या आसपास. शेवटी पलंग हलवून त्याला जागा केली. रात्री दिवा मालवून सगळे समोर बसलो आणि दुकानातलंच चित्र घरात आलं. यजमान खूष.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. नेहमीप्रमाणे मान वळवून बघितलं तर पडदा अर्धा काळोखा. वाटलं, बिघडला. धावत पुढे गेले तर ठीक. पुन्हा ओट्यापाशी आले, पुन्हा काळोख. त्या टीव्हीचा पडदा असा बनवलेला होता, की आतला मोजका प्रकाश तो समोर सरळ, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला फेकायचा. बाजूला सरकलं की चित्र मंद. उभं राहिलं की आणखी मंद. जमिनीवर बसलं तरी तेच. शिवाय दिवसा आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून जो लख्ख उजेड येतो, त्यात चित्र असं फिकट व्हायचं की माणसांचे चेहरे ओळखू येत नसत. तर हा मोठा टीव्ही कोणासाठी होता? रात्री, दिवा मालवून, मधल्या खुर्चीवर बसणाऱ्या एका माणसासाठी. स्वयंपाकघराच्या दारातून बघणारी मी, खाली बसून सुकट निवडणाऱ्या सासूबाई आणि चटईवर पालथी पडलेली मुलं, आमच्यासाठी तो नव्हताच!

पुढचं थोडक्यात सांगते. टीव्ही जरा हलला की तीन ट्यूबची तीन चित्रं एकमेकांवर बसेनात. माणसाच्या कडेला एक लाल सावली आणि एक निळी. ते जुळवायला मुंबईहून मेकॅनिक आणायचा, त्याचं येण्याजाण्याचं भाडं वेगळं. एकाच चॅनेलचं चिन्ह रोज कोपऱ्यात दिसून दिसून पडद्यावर त्याचा कायमचा डाग पडला. समुद्राच्या खाऱ्या हवेनं आतले पत्रे आणि जोड गंजले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो उठलाच नाही. सुटे भाग शोधले, मिळाले नाहीत. मिळणार कुठून? जगच तो प्रकार सोडत चाललं होतं. सोनीने २००७ च्या अखेरीस रिअर प्रोजेक्शन टीव्ही बंद करत असल्याचं जाहीर केलं. मित्सुबिशी सगळ्यात शेवटपर्यंत टिकून होती, तिनेही २०१२ च्या डिसेंबरात हात टेकले. एलसीडी आणि प्लाझ्मा स्वस्त झाले, भिंतीला टांगता येऊ लागले, मग कपाटाएवढं खोकं घेणार कोण? आम्हाला तो आवाक्यात मिळाला, त्याचं एक कारण हेही होतं की तो जायच्या वाटेवर होता.

तरी त्याला नुसती नावं ठेवणं बरं नाही. त्या काळात कमी पैशांत मोठं चित्र हवं असेल, तर दुसरा रस्ता नव्हता. काळोख्या खोलीत, समोर बसून बघणाऱ्यांना त्याने सुख दिलं असेलच. चूक टीव्हीची कमी आणि आमची जास्त. आम्ही दुकान बघून टीव्ही घेतला, घर बघून घेतला नाही.

तर मावशींना म्हटलं, "दुकानात नंतर जाऊ. आधी तुमच्याकडे जाऊ." आणि जाताना आठवड्याची रद्दी उचलली.

मैत्रिणींनो, हा उद्योग तुम्हीही करून बघा. टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. त्यावरून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून सेंटिमीटर धरा. त्रेचाळीस इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ उंच. म्हणजे तुमच्या हातातल्या या वर्तमानपत्राची तीन पानं उभी, शेजारी शेजारी लावली, की जवळजवळ तेवढाच. पंचावन्न इंची १२२ रुंद, ६८ उंच. पासष्ट इंची १४४ रुंद, ८१ उंच. जुना एकवीस इंची आठवतोय ना? त्याच्या चित्राच्या चौपट चित्र त्रेचाळीस इंचीत मावतं आणि नऊपटीहून जास्त पासष्टमध्ये. उलट ज्यांच्याकडे जुना एकोणतीस इंची होता आणि ज्यांनी त्याच्या जागी बत्तीस इंची आणला, त्या बायका मला म्हणतात, "अहो, इंच वाढले पण माणसं लहान झाली!" त्यांचं बरोबर आहे. जुना पडदा चौकोनी, नवा आडवा. रुंदी वाढते, उंची जवळपास तेवढीच राहते, किंचित कमीच होते.

मावशींची पुढची खोली दहा बाय बारा. आम्ही भिंतीवर चिकटपट्टीने आधी पासष्ट इंचांचा कागद लावला. एका बाजूला देव्हारा झाकला गेला, दुसऱ्या बाजूला खिडकीची झडप उघडेना. मुलगा गप्प झाला! मग पंचावन्न, मग त्रेचाळीस. आता बसायच्या जागा. सासूबाईंचा पलंग समोरच्या भिंतीला, टीव्हीपासून आठ फुटांवर. मावशी स्वतः बसतात खाली, पाच-साडेपाच फुटांवर, कारण तिथे पंख्याचा वारा येतो आणि बोंबील साफ करायला पाट मांडता येतो. सून बघते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून, तिरकी. ढोबळ हिशेब असा, की पडद्याच्या इंचांच्या दीडपट ते दुप्पट अंतर आपल्या डोळ्यांपासून असावं. त्रेचाळीसला साडेपाच ते सात फूट, पंचावन्नला सात ते नऊ. नुसत्या पलंगासाठी पंचावन्न चाललं असतं. पण पाच फुटांवर खाली बसणाऱ्या बाईला त्यात डोक्यांपेक्षा ठिपके जास्त दिसले असते. कागद त्रेचाळीसवर थांबला.

आणि सासूबाईंचे डोळे? मी त्यांना पलंगावर बसवून कागदावरची मोठी अक्षरं विचारली. उजव्या डोळ्याने धुकं दिसतं म्हणाल्या. मावशींना म्हटलं, हे इंचांचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. मोतीबिंदू असेल तर शंभर इंचांचा टीव्हीदेखील धुक्यातलाच दिसणार. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी मोठा टीव्ही घ्यायला निघालेल्या प्रत्येकीला मी हेच सांगेन. आधी डोळे तपासून घ्या. आवाज मोठा लागत असेल तर कानही!

दोन दिवसांनी आम्ही विरारला गेलो. दुकानात सगळे टीव्ही एका रांगेत, सगळ्यांवर फुलं, धबधबे, पोपट. रंग असे की डोळे दिपावेत. लक्षात ठेवा, ती चित्रफीत त्या टीव्हीसाठीच बनवलेली असते, आणि टीव्हीही दुकानच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून प्रखर मांडणीवर ठेवलेला असतो. घरी आपण पोपट बघणार नाही, सह्याद्री आणि आपल्या मालिका बघणार. मी सेल्समनला म्हटलं, "दादा, होम मोडवर टाका आणि साधी केबल लावा." तो जरा नाराज झाला. पण लावली. आणि मग खरा फरक कळला. मोठ्या फोर-के टीव्हीत ठिपके जवळजवळ त्र्याऐंशी लाख असतात, आणि साध्या केबलच्या चित्रात चार लाखांच्या आसपास. उरलेले टीव्ही आपल्या मनाने भरतो. कुणी ते नीट भरतो, कुणी सारवल्यासारखं करतो. जेवढा पडदा मोठा, तेवढं ते सारवणं जास्त दिसतं. घरी चांगलं इंटरनेट आहे, मुलं यूट्यूब आणि सिनेमे त्यावरच बघतात, तर फोर-के कामाचा. नुसती केबल किंवा फ्री डिश असेल, तर त्या एका शब्दासाठी तीन-चार हजार जास्त मोजू नका.

मग मी मावशींना म्हटलं, "आता खाली बसा."

"इथं? दुकानात?"

"तुम्ही घरी जिथे बसता तिथे बसा."

आणि मावशी पदर खोचून चक्क दुकानच्या फरशीवर बसल्या. मी दूर बाजूला, सुनेच्या उंबऱ्यावर असावं तशी उभी राहिले. सेल्समन बघतच राहिला! तीन टीव्ही होते आमच्या बजेटमधले. त्यातल्या एकाचे रंग बाजूने बघताना असे धुपले, की मालिकेतली नायिका आजारी वाटावी. दुसऱ्याचे तसेच राहिले. याचं कारण पॅनेलमध्ये असतं. ढोबळपणे दोन जाती आहेत. व्हीए पॅनेलचा काळा रंग छान गडद दिसतो, पण बाजूने चित्र फिकं पडतं. आयपीएस पॅनेल बाजूनेही ठीक दिसतं, पण काळोख्या खोलीत त्याचा काळा जरा राखाडी वाटतो. दुकानदार सहसा हे सांगत नाहीत, बऱ्याचदा त्यांनाही ठाऊक नसतं. आपण बाजूला जाऊन उभं राहायचं, बस. आपल्याकडे टीव्ही ट्यूबलाइट लावून, जेवणाची ताटं पुढ्यात घेऊन बघितला जातो. त्या उजेडात काळा किती काळा, हे कोण बघतंय? माझं मत विचाराल तर ज्या घरात बायका तिरक्या बसतात त्या घरात बाजूने दिसणारा टीव्हीच घ्यावा. ओएलईडी टीव्ही बाजूने उत्तम दिसतात, पण त्यांच्या किमती आपल्या या हिशेबात बसत नाहीत.

इथे जरा थांबून एक बोलते. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी ज्या घरात टीव्ही, त्या घरात अख्खी वाडी. पुढे मुलं, मग पुरुष, आणि दाराशी, खिडकीशी, एक कान चुलीकडे ठेवून उभ्या बायका. टीव्ही काळा-पांढरा होता, छोटा होता, पण काचेच्या ट्यूबचं चित्र कुठूनही सारखंच दिसायचं. त्यामुळे दाराशी उभी राहिलेली बाईदेखील सीतेचा चेहरा बघू शकायची. पुढे मोठे, पातळ, हुशार टीव्ही आले, आणि नेमकी दारातली जागा कोणी मोजेना. बघायला जातो पुरुष नाहीतर मुलगा, दुकानात उभा राहतो समोर, मधोमध, आणि तिथूनच ठरवतो. पैसे मात्र पुष्कळदा घरातल्या बाईच्या डब्यातून निघतात. गटाच्या बैठकीत आम्ही शिलाई मशीन कुठलं घ्यायचं यावर तासभर बोलतो आणि त्याच्या पाचपट किमतीचा टीव्ही "त्यांनी आणला" म्हणून घरात येतो. हे मला पटत नाही. रोज चार तास त्याच्यासोबत राहायचं कोणाला? आणि पुसायचं कोणी?

आता पैशांचं. टीव्हीवर किंमत लिहिली होती साडेएकतीस हजार. हप्ते बारा, दरमहा २,६२५, "व्याज शून्य". मावशींचा मुलगा म्हणाला, मग हप्त्यानेच घेऊ, तीस हजार हातात राहतील. मी विचारलं, "रोख दिले तर किती?" थोडी घासाघीस होऊन तीस हजारांवर आले. आणि हप्त्याला प्रोसेसिंग फी ५००, त्यावर जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. आता तुम्हीच बेरीज करा. रोख ३०,०००, हप्त्याने ३२,०९०. मग शून्य व्याजाचे दोन हजार नव्वद रुपये कसले? रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते फी किंवा किमतीत लपवलेलं असतं. दुकानातली पाटी मात्र वेगळं नाव घेऊन अजून तशीच आहे.

आणि आपल्या गावाचा हिशेब आणखी निराळा. हप्ता बारा महिने आणि होडी दहा महिने! जून-जुलैत, ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणायला घेतलेली, आणि त्याच महिन्यांत शाळेची पुस्तकं, छत्र्या, छपरावरचं प्लास्टिक. बँकेच्या यंत्राला हे कळत नाही. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, बँकेचा दंड वेगळा आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा. नोकरीच्या पगारावर हप्ता चालतो, दर्यावरच्या कमाईवर नाही. अगदीच कर्ज काढायचं झालं तर गटातून काढावं. व्याज गटातच राहतं आणि पावसाळ्यात दोन महिने थांबा म्हणायला समोर बाई असते, मशीन नसतं.

तीस हजारांतले सगळेही टीव्हीत घालायचे नव्हते. हे मी मावशींना आधीच बजावलं होतं. भिंतीची पट्टी, वायरमन, टेम्पो, चांगला स्पाइक गार्ड. मिळून दोन-अडीच हजार कुठे गेले नाहीत. आवाजही ऐकून घ्या. टीव्ही पातळ झाले तसे त्यांचे घसेही बसले. आमचं ते जुनं खोकं इतर बाबतीत कसंही असो, आवाज दणदणीत होता! वेगळा साउंडबार लागणार असेल, तर तोही किमतीत धरा. शेवटी मावशींनी साडेएकोणतीसचा नाद सोडून कमी झगमगीत, साडेसव्वीस हजारांचा टीव्ही पसंत केला. बाजूने दिसत होता, खालून दिसत होता आणि बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. पैसे देण्याआधी मी दुकानातूनच त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावायला सांगितला आणि विचारलं, "अर्नाळ्यात माणूस येतो का? किती दिवसांत?" काही कंपन्यांचा माणूस विरार स्टेशनच्या पुढे यायला कां-कूं करतो, तर काहींचं सेवा केंद्रच जवळ नसतं. असा टीव्ही दोन हजारांनी स्वस्त मिळाला तरी मला नको. बिलावर मॉडेल आणि क्रमांक लिहून घ्या. टीव्हीचं पॅनेल गेलं तर बदलायला जवळजवळ नव्या टीव्हीएवढे पैसे पडतात, म्हणून वॉरंटी पॅनेलवर किती वर्षं आहे हे वेगळं विचारा. आणि कोणी दाद दिली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लक्षात असू द्या.

आता आपल्या किनाऱ्याच्या बायकांसाठी. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, तिच्यावर टीव्ही टांगू नका. आतल्या भिंतीवर टांगा किंवा टेबलावर ठेवा. टेबल घेताना बघा, हल्लीच्या टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात, जुन्या टेबलावर ते मावत नाहीत. खिडकीसमोर ठेवलात तर खारा वारा थेट मागच्या जाळीतून आत जातो, आणि उजेडाने चित्रही पुसतं. मागच्या जाळीत पाली शिरतात, तेही बघा. पावसाळ्यात टीव्ही आठ-आठ दिवस बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ लावला की त्याच्याच उबेने आतली ओल सुकते. पडदा ओल्या फडक्याने पुसायचा नाही, कोरड्या मऊ सुती कापडाने हलकेच. बहुतेक नवे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागे लिहिलेलं असतं, त्यामुळे कमी दाबाची फार काळजी नाही. घात होतो तो गेलेली वीज एकदम परत येते तेव्हा, आणि ढग गडगडतात तेव्हा. अशा वेळी प्लग काढा आणि डिशची किंवा केबलची वायरही काढा. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही.

टेम्पोत टीव्ही उभाच आणा, आडवा झोपवू नका, नाहीतर खड्ड्याच्या एका दणक्यात पडदा आतून तडकतो. किल्ल्यात राहणाऱ्या मैत्रिणींना तर तो होडीतून न्यायचा असतो. त्यांनी खोकं प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून, उभं धरून, भरती-ओहोटी बघूनच निघावं.

हल्ली छोट्या प्रोजेक्टरच्या जाहिराती येतात. "पाच हजारांत शंभर इंची!" परवाच एका भाचीने विचारलं. तिला म्हटलं, दुपारी बारा वाजता, खिडक्या उघड्या ठेवून, आधी त्याच्यावर बातम्या लावून दाखव आणि मग बोल. मला माझं जुनं खोकं आठवलं.

मावशींचा टीव्ही धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आला. दिवाळी झाल्यावर सासूबाईंना सरकारी दवाखान्यात नेऊन दाखवलं, मोतीबिंदूच निघाला, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. उरलेले हजार-बाराशे त्यांच्या येण्याजाण्याला आणि काळ्या चष्म्याला झाले. मावशींचा नवरा दर्यावरून आला तेव्हा टीव्हीच्या शेजारी भिंतीवर अजून पंचावन्न इंचांच्या खुणेची एक चिकटपट्टी राहिली होती. "हे काय?" म्हणून त्यांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, "माझं माप."

तो त्रेचाळीस इंचांचा कागद मात्र आता त्यांच्याकडे नाही. पलीकडच्या आळीतल्या वहिनी घडी करून मागून घेऊन गेल्या. त्यांची खोली मावशींच्या खोलीपेक्षा दोन फुटांनी लहान आहे.